१८१५ साल लिहायला घेतलंयस, तर एवढं ऐक

सुरुवात वॉटर्लूने करू नकोस. १८ जूनची ती लढाई सगळेच लिहितात. तू एप्रिलपासून धर, इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरच्या तांबोरा ज्वालामुखीपासून. मोठा स्फोट १० तारखेचा, पण ५ एप्रिललाच त्याचे आवाज जावापर्यंत पोचले आणि योग्यकर्त्यात तोफा डागल्या जातायत असं समजून सैन्याची तुकडी निघाली! असे तपशील जिवापाड जप. मात्र तांबोरामुळे युरोपात आलेला तो बिनउन्हाळ्याचा उन्हाळा १८१६ चा, तो इथे कोंबू नकोस. नेपोलियननंतर युरोपची फेरमांडणी करणारी व्हिएन्ना परिषद दोन ओळींत उरक. आणि जुलैतला पंढरपूरचा खून कृपा करून गाळू नकोस: बडोद्याच्या गायकवाडांचे वकील (म्हणजे दूत) गंगाधरशास्त्री, इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आलेले. पेशवाईची घसरण तिथून वेगाने सुरू झाली.