बायोस रिसेट करण्याआधी सेल बदला

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय. तुम्ही लिहिलंय की सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप आहे. सकाळी 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड' असं येतं, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते, आणि आता विंडोज ७ सुरू होता होता निळा स्क्रीन येऊन परत रिस्टार्ट होतं. कुणीतरी सांगितलं, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) डिफॉल्टला, म्हणजे मूळ सेटिंगला न्या.

पण ती एररची ओळ नीट वाचा. सीमॉसमध्ये साठवलेली बायोसची सेटिंग बिघडलीय, असं ती सांगते. डिफॉल्ट सेटिंग मशीन स्वतःच रोज लोड करतंय. त्यामुळे नुसतं रिसेट करून काही हाती लागणार नाही.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मशीनची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग तोच धरून ठेवतो. पिन लावलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असेल, तर बोर्डाला एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) थोडी वीज मिळत राहते आणि सेलवर भार येत नाही. कारखान्यात मात्र रात्री मेन स्विचच खाली ओढतात, म्हणजे रात्रभर सगळा भार सेलवर. मल्टिमीटर असेल तर मोजा, २.८ च्या खाली असेल तर बदलाच. नवी पेठेत कुठल्याही कॉम्प्युटरच्या किंवा घड्याळाच्या दुकानात मिळेल. चांगल्या कंपनीचा घ्या.

बदलताना आधी पॉवर कॉर्ड काढा आणि मशीनचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. सॉकेटच्या कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला ढकलली की सेल आपोआप वर उचलला जातो. नवा बसवताना अधिकची खूण वर. झाकण उघडलंच आहे, तर प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) बसलेला सुताचा थरही ब्रशने काढा, पंख्याची पाती बोटाने धरून. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो थर म्हणजे हीटसिंकवर घातलेली चादरच.

आता बायोस. सुरू करताच डिलीट दाबत राहा. ब्रँडेड मशीन असेल तर एफ-२, एफ-१ किंवा एफ-१०. आत 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' किंवा 'सेटअप डिफॉल्ट्स' दिसेल, ते एकदाच करा. 'फेल-सेफ' नको, त्यात मशीन मुद्दाम संथ चालवतात.

आणि इथे थांबू नका. सेव्ह करण्याआधी साटा मोड बघा, म्हणजे बोर्ड हार्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते. आयडीई ही जुनी पद्धत, एएचसीआय ही नवी. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर डिफॉल्ट आयडीई असतं. तुमचं विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल, तर आयडीईवर गेल्यावर त्याला हार्ड डिस्कच वाचता येत नाही आणि निळा स्क्रीन येतो. त्यावर शेवटी ७बी असलेला कोड दिसत असेल, तर बहुतेक हेच. एएचसीआय करा, पहिलं बूट (मशीनने आधी कुठून सुरू व्हायचं ते) हार्ड डिस्क ठेवा, तारीख-वेळ घाला, एफ-१० ने सेव्ह करा. तरी तेच झालं तर उलट मोड करून बघा. फॉरमॅट मारायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. तुमचे हिशेब डिस्कवर तसेच आहेत, बायोसच्या सेटिंगने ते पुसले जात नाहीत.

तारीख बरोबर झाली की ब्राउझरमधल्या सर्टिफिकेटच्या तक्रारीही थांबतील. तारीख मागे असली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला अजून लागूच न झालेलं दिसतं, म्हणून तो अडवतो.

सेलजवळचा तीन पिनांचा जम्पर (बायोस रिसेट करायची छोटी टोपी) सध्या हलवू नका. स्क्रीनच येत नसेल किंवा बायोसचा पासवर्ड विसरला असेल, तेव्हाचं ते काम, आणि तेही कॉर्ड काढूनच.

सगळं जमलं की चालू स्थितीतल्या बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साटा मोडचं पान आधी.