स्मोकर दुरुस्त करा, पण तिसरा हप्ता भरू नका

प्रश्न: बडोद्यात समा भागात आमचं स्वतःचं घर आहे. 2019 मध्ये 42,000 रुपयांना घेतलेला ऑफसेट स्मोकर (बाजूच्या पेटीत विस्तव करून धुरावर मांस शिजवायची लोखंडी भट्टी) मागच्या अंगणात असतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुराचं पाणी अंगणात शिरलं, तेव्हापासून तो गंजत चाललाय. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका फॅब्रिकेटरने दुरुस्तीचे 18,500 सांगितलेत. नवा 80,000 ला मिळतो, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. माझं वय 56, दोन वर्षांनी निवृत्ती. मग शनिवार-रविवार ऑर्डर घेतल्या तर महिन्याला 25,000 सुटतील असा अंदाज आहे. पैशांची अडचण नाही. 2023 मध्ये 8 लाखांची एफडी पिकली, ती बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी 12 टक्क्यांच्या योजनेत घातली. वर्षाला 2 लाख भरायचे, दोन हप्ते झाले, तिसरा येत्या नोव्हेंबरात. मेडिक्लेम कंपनीचा आहे, घराचा विमा नाही. स्मोकर दुरुस्त करू की नवा घेऊ? फोटो, कोटेशन आणि योजनेची पानं सोबत जोडली आहेत.

उत्तर: दुरुस्त करा, पण हाती आलेल्या कोटेशनप्रमाणे नाही. आणि त्याआधी ती योजनेची पानं बाहेर काढा, कारण तुमचं खरं नुकसान अंगणात नाही, त्या पानांत चाललंय.

स्मोकरचं आधी उरकू. फोटोत कुकिंग चेंबरवर (अन्न शिजतं त्या मोठ्या डब्यावर) दिसतो तो वरवरचा गंज आहे. खात्री करायची तर जाड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दर चार बोटांवर दाबून बघा आणि मुठीने ठोका. टणक, खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. आवाज बोदा आला किंवा टोक रुतलं तर पत्रा गेला. फायरबॉक्सचा, म्हणजे विस्तवाच्या पेटीचा, तळ मात्र संपलाय, तळहाताएवढं भोक फोटोतच दिसतंय. सगळा दोष पुराचा नाही. राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि ओली राख लोखंड खाते. पुराचा गाळ राखेवर बसला आणि दोन पावसाळे तसाच राहिला, म्हणून तळ आधी गेला.

आता कोटेशन. त्यातल्या दोन ओळींवर काट मारा. पहिली, ‘आतून-बाहेरून पावडर कोटिंग, 5,500’. पावडर कोटिंग साधारण 200 अंशांच्या पुढे टिकत नाही आणि फायरबॉक्सचा पत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. दोन-तीन वेळा पेटवल्यावर पापुद्रे निघतील. आतून तर कुठलाच रंग नको, तो अन्नात उतरतो. दुसरी, ‘तळाला जीआय पत्रा’. जीआयवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना, आणि फार तापला तर नंतर विस्तवालाही, त्याचा धूर निघतो, आणि तो विषारी असतो. तळाला 5 मिलिमीटरची साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट सांगा. 500 बाय 500 चा तुकडा दहा किलोच्या आत बसतो, म्हणजे लोखंडाचे 700 रुपये. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंगचे 3,000. वेल्डर जुन्या गंजक्या कडेवरच जोड मारायला बघेल. तसं करू देऊ नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कड कापून काढायला लावा, नाहीतर वेल्डिंगचा टाका विस्तवाच्या पहिल्याच तापाला सुटेल. तळाला एका कोपऱ्याकडे थोडा उतार आणि तिथे 12 मिलिमीटरचं भोक, स्क्रूच्या बुचासह, एवढं करून घ्या. पाणी साचणं बंद होईल.

जाळीचं क्रोम उडालंय, ती टाकून द्या. 6 मिलिमीटरच्या एसएस 304 (स्टेनलेस स्टील) सळयांची नवी जाळी मजुरीसह 2,700 पर्यंत होते. झाकणाच्या कडेला तीन मीटर फायबरग्लास दोरी, 400. डायल थर्मामीटर 700. लावण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून 100 दाखवतो का बघा, आणि तो झाकणाच्या माथ्यावर न लावता जाळीच्या उंचीवर बसवा. वरच्या आणि खालच्या तापमानात बराच फरक पडतो आणि अन्न जाळीवर शिजतं.

गंज काढायला अँगल ग्राइंडरवर वायर कप ब्रश, मग 60 आणि 80 नंबरचे फ्लॅप डिस्क. गॉगल आणि मास्कशिवाय हात लावू नका, ब्रशच्या तारा सुटून उडतात. काम झालं की आतला भाग कपड्याने नीट पुसा, सुटलेली एक तारसुद्धा राहता कामा नये. डिस्क-ब्रशचे 600. बाहेरून 600 अंशांपर्यंत टिकणारा हीट रेझिस्टंट रंग, लिटरचे 1,000, दोन पातळ हात. जाड हात दिला की फोड येतात. आतून शेंगदाण्याच्या तेलाचा हात द्या, जास्तीचं तेल पुसून घ्या आणि रिकामा स्मोकर 130-150 अंशांवर दोन-तीन तास चालवा. तेल जास्त राहिलं तर चिकट थर बसतो, तोच पुढे सोलून निघतो.

एकूण सव्वानऊ हजारांच्या आत. पुढची काळजी एकच: राख गार झाली की त्याच दिवशी काढायची, आणि वरून ताडपत्री आवळून बांधायची नाही, खालून वारा राहू द्यायचा.

तेव्हा 80,000 चा नवा नको. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये रोखीची सवलत जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. ऑर्डरचं म्हणाल तर या आकाराच्या स्मोकरवर एका वेळी सहा कोंबड्या नीट होतात. महिन्याला आठ वेळा पेटवला तर पन्नासच्या आत. लाकूड, मसाला, पॅकिंग वजा जाता नगामागे 150 सुटले तरी साडेसात हजारांच्या आत, तेही सगळा माल गेला तर. 25,000 चा आकडा निवृत्तीच्या हिशोबात धरू नका. हौस म्हणून जरूर करा.

आता ती योजना. ती एफडी नाही, जीवन विम्याची पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या पानांवर स्पष्ट आहे: वर्षाला 2 लाख, दहा वर्षं, म्हणजे 20 लाख. तेही तुम्ही 63 वर्षांचे होईपर्यंत. निदान पाच हप्ते पगार थांबल्यावर. मग 2035 पासून पंधरा वर्षं दरसाल 2 लाख 40 हजार. साहेबांनी 2.4 ला 20 ने भागलं आणि 12 टक्के सांगितले. पण एफडीत व्याज मिळून मुद्दल शिल्लक राहतं. इथे मुद्दल परत नाही. तुमचेच 20 लाख हप्त्याहप्त्याने परत येतात आणि वर थोडं काही मिळतं. सगळे पैसे कधी जातात आणि कधी येतात हे धरून हिशोब केला तर परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. तुमची जुनी एफडीच यापेक्षा बरी होती. 54 वर्षांच्या माणसाची पिकलेली एफडी दहा वर्षांच्या हप्त्यांत अडकवणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ओळखीच्या माणसाने केली म्हणून ती कमी होत नाही.

आता साहेब दोन गोष्टी सांगतील. एक, ‘सप्टेंबर 2025 पासून प्रीमियमवर जीएसटी नाही, आता सोडू नका.’ त्याने वाचतात 4,500 रुपये, त्यासाठी 2 लाख भरायचे? दुसरी, ‘चौथ्या वर्षी अर्धे पैसे परत मिळतात, तोवर भरा.’ तुमच्या पानांवरच्या तक्त्यात आज सरेंडर केलं (पॉलिसी मुदतीआधी मोडली) तर 30 टक्के, म्हणजे 4 लाखांतले 1.2 लाख हातात, 2.8 लाख गेले. चार हप्ते भरून सोडलं तर 8 लाखांतले 4 लाख हातात, 4 लाख गेले. तोटा 1.2 लाखांनी वाढतो, त्याला वाचवणं म्हणत नाहीत.

पण सरेंडरही करू नका. तुमच्या पानांवर दोन पूर्ण हप्त्यांनंतर पॉलिसी पेड-अप होते असं छापलंय. म्हणजे पुढे एक रुपया न भरता 2035 पासून वर्षाला साधारण 48,000. सात टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं तर 2.4 लाखांच्या जवळ, सरेंडरच्या दुप्पट. उरलेले 16 लाख भरून मिळणाऱ्या जादा रकमेवरचा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपासच राहतो. त्याउलट निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाकता येते, तिथे सध्या 8.2 टक्के आहेत: 16 लाखांवर वर्षाला 1 लाख 31 हजार, आणि मुद्दल तुमचं तुमच्याकडे.

पेड-अप ही शेवटची पायरी धरा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या: एफडी म्हणून विकली, पॉलिसी रद्द करून पूर्ण 4 लाख परत करा. सोबत एफडी पिकल्याची आणि पॉलिसी निघाल्याची तारीख, साहेबांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडा, आणि सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागा. त्या फॉर्मवर तुमचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते मुद्दाम तपासा; अशा विक्रीत ते बरेचदा फुगवलेलं असतं आणि तो मोठा पुरावा ठरतो. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जा. गुजरातची प्रकरणं तिथेच चालतात, फी नाही, वकील लागत नाही.

वाचलेल्या 2 लाखांतून या महिन्यातच दोन कामं करा. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुमच्याकडे दोनच वर्षं आहेत, तेव्हा स्वतंत्र मेडिक्लेम आजच घ्या. दुसरं, घरासाठी भारत गृह रक्षा पॉलिसी. पूर तिच्यात धरलेला आहे, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांचं घरातलं सामानही आपोआप येतं.

आणि नोव्हेंबरच्या आधी बँकेत जाऊन या हप्त्याचं ऑटो डेबिट मँडेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) लेखी रद्द करा, पोच घ्या. नाहीतर तक्रार चालू असतानाच तिसरे 2 लाख खात्यातून निघून जातील.