पुस्तक भारी की पिक्चर? नव्या भिडूसाठी

अरे, पुस्तक आणि त्यावरून काढलेला पिक्चर यांच्या तुलनेच्या गप्पांत पहिल्यांदाच येतोयस म्हणून घाबरतोस काय, सगळं वाचलेलं असायची गरज नाही. फक्त 'पुस्तकच भारी होतं' एवढं बोलून गप्प बसू नकोस, नवीन लोक हमखास तेच करतात आणि गप्पा तिथेच मरतात. एकच सीन पकड. म्हणजे बघ, मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' कादंबरीत सगळं तिचा नायक, शाळकरी मुकुंद जोशी स्वतः सांगतो, त्याच्या मनातली बडबड हीच तर मजा, मग तिच्यावरच्या २०१२च्या पिक्चरमध्ये तिचं काय झालं, काय गळलं, हे विचार, लोक तुटून पडतील.

बाकी दोनच गोष्टी:
- शेवटावर बोलायच्या आधी 'स्पॉयलर' सांग, पुस्तक वाचलेल्यांनाही. पिक्चरचा शेवट वेगळा असू शकतो ना!
- बदलांची नुसती यादी नको, त्याने काय बिघडलं किंवा जमलं ते बोल.

कॅमेरा, एडिटिंग वगैरे नंतर बघू.