बाई, एक विचारू? : उन्हातही जॅकेट न काढणारी लेक

बाई, नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. कोरेगावजवळच्या आमच्या गावातून एसटीने हायस्कूलला जाते. मागच्या बाकावरची मुलं तिच्या आतल्या कपड्याचा पट्टा ओढून सोडतात, मुलींना 'मार्क' देतात. आता कुणीतरी तिचा चेहरा भलत्याच बाईच्या उघड्या फोटोला चिकटवून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय. वर्गशिक्षक म्हणाले, "वयच आहे, मनावर घेऊ नका. तिला पुढं बसवतो." मिस्टरांच्या कानावर गेलं तर ते शाळाच बंद करतील. नणंद तर आत्तापासून स्थळं सुचवतेय. काय करू?
– एक आई

ताई, पत्राच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, की ती उन्हातही जॅकेट काढत नाही आणि शाळेत पाणी पीत नाही. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं आणि त्या वाटेवर कोण उभं असतं, हे तिला ठाऊक असणार. माझं सगळं आयुष्य साताऱ्यात शाळेत शिकवण्यात गेलं. दप्तर छातीशी धरून चालणं, मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहणं, शाळेच्या दिवशी सकाळीच पोट दुखणं, हे सगळं पोर तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी दिसतं. मुलग्यांचंही होतं बरं का. चड्डी ओढणं, 'बायल्या' म्हणून हात लावणं. ते तर घरी अजिबात सांगत नाहीत.

"वयच आहे" म्हणणाऱ्या सरांना विचारा, हीच मुलं मुख्याध्यापकांसमोर हात कसे आवरतात? कुठं काय चालतं ते त्यांना नीट कळतं. आणि बाक बदलायचाच तर त्यांचा बदला, हिला का उठवता?

आधी लेकीशी बोला. समोर बसवून चौकशी नको; भाजी निवडताना, दोघीच असताना बोला. "तुझं काही चुकलं नाही आणि शाळा बंद होणार नाही," हे पहिलं सांगा. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मात्र देऊ नका, तो पाळता यायचा नाही.

मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. तारीख, जागा, कोण, काय केलं, कुणी पाहिलं. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. बाथरूमच्या वाटेवर मधल्या सुट्टीत शिक्षकाची पाळी मागा. 2022 च्या शासन निर्णयानं शाळांना सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडं बघणारी समिती, नेमायला सांगितलंय. तुमच्या शाळेत तिची शेवटची बैठक कधी झाली, तेही विचारून ठेवा. कितीतरी ठिकाणी ती फाइलीतच असते.

शाळा 'आपापसात मिटवू' म्हणेल. कुणी तर मुलीला त्याच मुलाला राखी बांधायला लावतं! आरोपीनं जामिनासाठी पीडितेकडून अशी राखी बांधून घ्यावी, ही एका खटल्यातली अट सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये रद्द केली, एवढं त्यांच्या कानावर घाला. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा कायदा, अठराच्या आतल्या मुलीला आणि मुलाला सारखाच लागू आहे. असा स्पर्श, अशी चित्रं त्यात येतात. कळूनही पोलिसांना न कळवणं हा मोठ्या माणसाचा गुन्हा ठरतो, मुख्याध्यापकांचाही.

पोलीस म्हटलं की तुम्ही घाबरणार. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्यांच्या अंगावर पोलिसी गणवेश नसतो, आई शेजारी बसू शकते. मुलीची ओळख उघड करायला बंदी आहे. ती मुलंही अल्पवयीन, त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. तिथं समुपदेशनापासून सुरुवात होऊ शकते, म्हणजे 'पोरांचं आयुष्य बरबाद होईल' ही धमकीही पोकळ. आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन, फिरवा.

तो फोटो मात्र 'पुरावा' म्हणून कुणालाही पुढं पाठवू नका, शिक्षकांनाही नाही. तसं करणं हाच गुन्हा होऊ शकतो. ग्रुपचं नाव, नंबर, वेळ वहीत लिहा आणि फोन पोलिसांना दाखवा.

आणि मिस्टर. त्यांना बाहेरून कळण्याआधी तुम्हीच सांगा, पण अर्जाची पोच हातात घेऊन. पुढं काय करायचं ते ठरलेलं दिसलं की बापाचा राग निम्मा तरी उतरतो. नणंदबाईंना सांगा, अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे. आणि सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यात, हे मी आपलं चिडून लिहिलं.

बाई, माझा नववीतला मुलगा अशाच एका ग्रुपमध्ये आहे. त्यानं काही टाकलं नाही, नुसते हसण्याचे इमोजी दिलेत. फोन काढून घेऊ का?
– वाईहून एक वडील

फोन काढून घेतलात तर तो मित्राच्या फोनवर बघेल. त्याला विचारा, त्या फोटोतली मुलगी उद्या वर्गात शेजारून गेली तर तू कुठं बघशील? उत्तर येईपर्यंत गप्प बसा. नंतर त्याला घेऊन तुम्ही स्वतः मुख्याध्यापकांकडं जा आणि ग्रुपबद्दल सांगा. मित्र त्याला चहाडखोर म्हणतील, काही दिवस डबाही एकटाच खाईल. त्या दिवसांत संध्याकाळी जरा लवकर घरी या.