घरापासून गोठ्यापर्यंत आर्मर्ड केबल

प्रश्न : सोलापुरात बाळे येथे आमचे घर असून मागे सुमारे ४० मीटरवर गोठा आहे. तेथे २ अश्वशक्तीची सिंगल फेज कडबाकुट्टी, दोन दिवे आणि एक पंखा चालवायचा आहे. जमीन काळी असून मध्ये ट्रॅक्टरची वाट आहे. केबल आर्मर्ड असल्याने ती फूटभर खोल पुरली तरी चालेल आणि गोठ्यात वेगळ्या अर्थिंगची गरज नाही, असे वायरमन सांगतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही बाबतींत त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही. त्यातही अर्थिंगची बाब माणसांच्या आणि जनावरांच्या जिवाशी निगडित असल्याने आधी तीच पाहू.

केबलभोवतीचा पोलादी तारांचा वेढा कुदळीचा घाव काही अंशी सोसतो, पण त्याचे तेवढेच काम नाही. आतील इन्सुलेशन फाटले, तर फेजची वीज प्रथम या वेढ्यात यावी आणि तेथून अर्थिंगकडे जाऊन पुरवठा तुटावा, यासाठीही तो असतो. वेढा अर्थिंगला जोडलेलाच नसेल, तर तोच जिवंत होऊन गोठ्यातील लोखंडी पेटीपर्यंत वीज पोहोचवतो. मी उघडून पाहिलेल्या कितीतरी पेट्यांत हा वेढा करवतीने कापून मागेच सोडलेला आणि केबल नुसत्या भोकातून आत सारलेली होती. तसे न करता दोन्ही टोकांना धातूचा ग्लँड, म्हणजे केबल पेटीत घट्ट पकडून ठेवणारा जोड, बसवावा. बाहेरचे आवरण सोलून तारा ग्लँडच्या शंकूवर चहूबाजूंनी पसराव्यात, नट घट्ट आवळावा आणि ग्लँडपासून अर्थिंगची तार घ्यावी. केवळ वेढ्यावर विसंबू नये. केबलसोबत ८ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तारही चरातून न्यावी.

गोठ्याजवळ अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा घ्यावा आणि लोखंडी खांब, गव्हाण, कडबाकुट्टीचा सांगाडा हे सारे त्याला जोडावे. गाई-म्हशींच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठे असते आणि त्यांतून जाणारा प्रवाह हृदयाजवळून जातो. म्हणून माणसाला जेमतेम जाणवेल एवढ्या गळतीनेही जनावर दगावू शकते. त्यात आपली काळी माती एप्रिल-मे महिन्यांत भेगाळून अर्थिंगच्या नळीपासून सुटते. अशा वेळी खड्ड्याचा रोध १० ओहम झाला, तर २३० व्होल्टला फार तर २३ अँपिअर प्रवाह वाहील आणि २० अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) तत्काळ पडणार नाही. म्हणून घराच्या बाजूला, केबल जेथून निघते तेथेच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीत गळणारी थोडीशी वीजही ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवणे मी अनिवार्य मानतो. उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घालावे.

खोलीविषयी भारतीय मानक १२५५ लघुदाबाच्या केबलसाठी ७५ सेंटीमीटर, म्हणजे अडीच फूट, सांगते. फूटभर खोलीवर नांगराचा फाळ पोहोचतो. चराच्या तळाशी चार बोटे वाळू, तीवर केबल, पुन्हा वाळू, मग आडव्या विटा आणि शेवटी माती असा क्रम ठेवावा. काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसते, तेव्हा केबल ताणून न टाकता दोन्ही टोकांना वळसा देऊन थोडी अधिक सोडावी. ट्रॅक्टरच्या वाटेखाली ती एक मीटर खोल आणि जाड पाइपमधून न्यावी. वळण केबलच्या व्यासाच्या १२ पटींपेक्षा कमी त्रिज्येचे नसावे.

आकाराबाबत १० स्क्वेअर एमएमची दोन कोअर (आत दोन वाहक तारा असलेली) अॅल्युमिनियम केबल घ्यावी. तुमचा एकूण भार साधारण १३ अँपिअर होईल आणि व्होल्टेज सुमारे ३ व्होल्टने उतरेल. मात्र मोटर सुरू होताना प्रवाह पाचपट होतो, त्या क्षणी ही उतरण १५ व्होल्टपर्यंत जाते. याहून बारीक केबल घेतल्यास संध्याकाळी आधीच उतरलेल्या व्होल्टेजवर कडबाकुट्टी सुरू होण्यास कुरकुर करील. टोकांना अॅल्युमिनियमचे लग (तारेच्या टोकावर बसणारे धातूचे जोड) दाबयंत्राने बसवावेत, कारण नुसत्या स्क्रूखाली पिळलेली अॅल्युमिनियमची तार कालांतराने सैल होऊन तापते. घराचा मंजूर भार पुरेसा आहे का, हे महावितरणकडे विचारून घ्यावे आणि काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवावे.

चर बुजवण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्राने) प्रत्येक कोअर आणि वेढा यांमधील इन्सुलेशन तपासून घ्यावे, आणि घराच्या कोपऱ्यापासून केबलचे अंतर दोन-तीन ठिकाणी मोजून त्याचे रेखाचित्र मीटरच्या पेटीत ठेवावे.