एक्झोसोम चाचणीने बायोप्सी टळेल का?

वडिलांचे वय 64, पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शंका घेण्यासाठी मोजले जाणारे रक्तातील प्रथिन) 6.2 आणि डॉक्टरांनी बायोप्सी सुचवलेली; अशा वेळी आधी लघवीतील एक्झोसोमची चाचणी करावी का, आणि जाहिरातींतल्या 'एक्झोसोम उपचारा'त तथ्य आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर 'विचार करण्याजोगे' आणि दुसऱ्याचे 'नाही' असे आहे.

एक्झोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, साधारण 30 ते 150 नॅनोमीटर आकाराच्या, मेदाच्या पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या. प्रोस्टेटच्या पेशींतून निघालेल्या पिशव्या लघवीत उतरतात आणि पटलामुळे आतले आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारे रेणू) टिकून राहते. सुटे आरएनए लघवीतल्या विकरांपुढे फार काळ तग धरत नाही. 'एक्झोडीएक्स प्रोस्टेट' ही अमेरिकी चाचणी पीसीए3 आणि ईआरजी या जनुकांचे आरएनए मोजते व तुलनेसाठी एसपीडीईएफ हे तिसरे धरते. लघवीच्या धारेचा पहिला भाग दिला की झाले, आधी गुदमार्गे तपासणी करावी लागत नाही. संकोची स्वभावाच्या वडिलधाऱ्यांसाठी ही मोठीच सोय आहे.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयाची पन्नाशी गाठलेल्या, पीएसए 2 ते 10 दरम्यान असलेल्या आणि पहिल्यांदाच बायोप्सी होणार असलेल्या पुरुषांमध्ये, चाचणीच्या गुणांसाठी (गुण जास्त तितका धोका जास्त) 15.6 ही सीमा धरल्यावर, ग्लीसन (कर्करोगाच्या आक्रमकतेची श्रेणी) 7 किंवा त्यावरचे सुमारे 92 टक्के कर्करोग या चाचणीने हेरले. मात्र असा कर्करोग नसलेल्यांपैकी जेमतेम 34 टक्क्यांनाच कमी गुण मिळाले, आणि माझ्या मते हाच आकडा आधी पाहावा. गुण कमी आले तर दिलासा बराच भक्कम असतो. जास्त आले तर त्यावरून कर्करोग ठरत नाही, निदान बायोप्सीनेच होते. एमआरआय झाला नसेल तर तो आधी करता येईल का, हेही युरोलॉजिस्टना अवश्य विचारावे.

उपचारांचे म्हणाल, तर एक्झोसोममध्ये पॅक्लिटॅक्सेलसारखे औषध भरून ते कर्करोगाच्या पेशींपर्यंत पोहोचवण्याचे प्रयोग प्रयोगशाळेत झाले आहेत, पण प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी असे कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही. उलट गाठीतून सुटणारे एक्झोसोम हाडांत रोग पसरण्यास हातभार लावतात, असे संशोधनात दिसले आहे. विनापरवाना विकल्या जाणाऱ्या एक्झोसोम उत्पादनांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये इशाराही दिला होता. त्यामुळे त्या जाहिरातीतल्या क्लिनिकला एक पैसाही देऊ नये.