डावी टाच आणि तत्काराचा हिशेब

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची आहे. लग्नाआधी विशारदपर्यंत कथक केलं. १२ वर्षांच्या खंडानंतर गेल्या दिवाळीपासून घरीच रियाज सुरू केलाय. रोज ४० मिनिटं तत्कार, म्हणजे तालावरचं पायांचं काम, मग चक्कर, म्हणजे गिरक्या. हल्ली सकाळी पलंगावरून उतरताना डावी टाच टेकवत नाही. चार पावलं चाललं की सैल पडते. घुंगरू दीडशेचे आहेत. नाच सोडून द्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सोडू नका. आधी हिशेब करू. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली, तर चौगुनीत, म्हणजे एका मात्रेला चार आघात घेतले की, मिनिटाला २४० आघात. म्हणजे नुसती १० मिनिटं चौगुन केली तरी एकेक पाय १२०० वेळा फरशीवर पडतो. १२ वर्षं निवांत असलेल्या तळव्याला हे एकदम? त्यात चक्कर घेतो आपण डाव्या टाचेवर, आणि दुखतेय तीही डावीच. सकाळचं पहिलं पाऊल नको वाटणं हे बहुतेकदा टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याचं दुखणं असतं.

तुमचा पाय मला इथून दिसत नाही, पण तुम्हाला ऐकू येईल. घुंगरू काढा आणि ‘ता थेई थेई तत्’ अगदी संथ करा. प्रत्येक बोलाला एकच ‘थप्’ यायला हवा. ‘ट-प’ असे दोन आवाज आले, तर टाच आधी आदळतेय. तळवा सगळा एकदम पडू दे. गुडघे ताठ नकोत. पाय जमिनीपासून दोन-तीन बोटंच उचलायचा, चौगुनीत त्याहूनही कमी. आवाज मोठा यावा म्हणून पाय उंच उचलून आपटणारी एक तरी मुलगी दर वर्षी माझ्या वर्गात येते. तिला मी भिंतीकडे तोंड करून, वीतभर अंतरावर उभी करते. गुडघा दोनदा भिंतीला लागला की मला काही बोलावं लागत नाही!

टाइलखाली स्लॅब असला की धक्का जिरायला जागाच नाही, तो पायातच परततो. १८ मिमीचं प्लायवूड घ्या, खाली रबरी चटईचे तुकडे. खालच्या मजल्यावरचे शेजारीही दुवा देतील. ओट्यापाशी अनवाणी उभं राहणं बंद. घरात मऊ चप्पल घाला. पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून अर्धा मिनिट धरा, असं पाच वेळा. संध्याकाळी तळव्याखाली गोठवलेली पाण्याची बाटली फिरवा.

महिनाभर चक्कर आणि चौगुन नको. तत्कार १० मिनिटं, बिनघुंगरांचा. उरलेला वेळ पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा; हातावर ताल धरून तिहाया, म्हणजे तीनदा येणारे बोल, म्हणा. पढंत कच्ची राहिलेल्या विशारद मी पुष्कळ पाहिल्यात, रागावू नका.

महिन्याभरात उतार पडला नाही, सूज आली किंवा हाडावर एका बोटाने दाबलं की नेमकी तीच जागा ठणकली, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हे अनुभवाने सांगते. २३ व्या वर्षी माझं पाऊल असंच दुखत होतं. पहिला एक्स-रे स्वच्छ आला. ‘नाचून नाचून दुखणं जातं’ असं मोठ्यांनी सांगितलं आणि मी नाचले. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एक्स-रेत बोटामागच्या हाडाला चीर दिसली. असली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, हे तेव्हा मला कुठे ठाऊक!

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे, क्लास लावून चार महिने झाले. शंभरचे घुंगरू घेऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर : नका घेऊ. माझ्याकडे पहिलं वर्ष घुंगरूच नसतात, मग पायाला पंचवीस. या वयात टाचेचं हाड अजून वाढत असतं. नाचून आल्यावर ती चवड्यांवर चालताना दिसली, तर दोन दिवस सुट्टी द्या आणि बाईंना सांगा. घुंगरू घ्याल तेव्हा खाली सुती पट्टी गुंडाळा, आणि दोरी एवढीच आवळा की आत एक बोट जाईल.